आजार असेल किंवा काम जोखमीचं असेल तर टर्म विमा कसा मिळवायचा, आणि अर्ज नक्की कुठे अडतो

शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे, मागे एकदा स्टेंट टाकलाय, नाहीतर काम टॉवरवरचं किंवा खाणीतलं आहे, आणि टर्म विम्याचा, म्हणजे ठरावीक वर्षांत मृत्यू झाला तर घरच्यांना रक्कम देणाऱ्या विम्याचा, अर्ज परत आला. मग माणूस म्हणतो जाऊ दे, आपल्याला कोण विमा देणार. पण असे परत आलेले अर्ज बघायला बसलं की दर वेळी तेच दिसतं, आजार एका ओळीत लिहिलेला आणि त्यापुढचं सगळं कोरं. तुमची फाइल जो बघतो त्या अंडररायटरने तुम्हाला कधी पाहिलेलं नसतं, त्यामुळे जिथे माहिती नाही तिथे तो वाईटात वाईट धरून चालतो.

आधी ते ठरवतात कसं हे समजून घ्या, मग कागद का मागतात ते कळेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या न्यूयॉर्क लाइफमध्ये डॉ. ऑस्कर रॉजर्स आणि अॅक्च्युअरी (विम्याच्या धोक्याचं गणित मांडणारे) आर्थर हंटर यांनी आकड्यांची एक पद्धत बसवली, आजही मूळ हिशोब तोच आहे. सर्वसाधारण माणूस म्हणजे १००. वजन जास्त, शुगर, घरात कमी वयात हार्टचा त्रास, अशा गोष्टींचे आकडे त्यात वाढत जातात आणि चांगल्या कंट्रोलचे कमी होतात. बेरीज १५० आली तर ५० टक्के जादा धोका धरून हप्ता वाढतो, यालाच लोडिंग म्हणतात. म्हणजे नुसतं "डायबेटीस आहे" याने काही ठरत नाही, किती वर्षांपासून, एचबीए१सी (सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) किती, डोळे किडनी ठीक आहेत का, यावर आकडा ठरतो. हे लिहिलंच नाही तर कमी करायला त्याच्याकडे काही उरत नाही.

पात्रतेचं फार काही नाही. वयाच्या मर्यादेत बसणं, उत्पन्नाचा पुरावा, ओळखपत्र, आणि मागितलेली रक्कम उत्पन्नाच्या मानाने अवाच्या सवा नसणं, एवढंच.

खरी गोची प्रश्नांच्या पानावर होते. "बीपी आहे का?" लोक लिहितात नाही, का तर गोळीने नॉर्मल असतं ना! अहो गोळी चालू आहे म्हणजे बीपी आहे. "शुगर बॉर्डरवर आहे" हे पण सांगायचंच. "कधीतरी एखादी सिगारेट" म्हणजे बहुतेक कंपन्यांच्या लेखी तुम्ही स्मोकरच, नॉन-स्मोकरचा दर हवा तर साधारण १२ महिने पूर्ण बंद लागतं, आणि रक्त-लघवीत कोटिनिन, म्हणजे निकोटिनपासून शरीरात तयार होणारा अंश, तपासतात, जो निकोटिनच्या च्युइंगगमने सुद्धा सापडतो, तेव्हा गम खात असाल तर आधीच लिहा. एजंट म्हणेल राहू दे हो, कशाला लिहिता, त्याला त्याचं कमिशन दिसत असतं. पॉलिसी निघाल्यावर सुरुवातीची ठरावीक वर्षं, बऱ्याच ठिकाणी दोन, काही ठिकाणी तीन, कंपनी जुने कागद उकरून चुकीच्या माहितीवरून क्लेम नाकारू शकते, मुद्दाम लपवलं असेल तर काही ठिकाणी त्यानंतरही, आणि तेव्हा उत्तर द्यायला तुम्ही नसता, मागे राहिलेलं माणूस असतं. लोडिंग भरलेलं कधीही परवडतं.

आता तो कागद जो कुणाकडेच नसतो. डिस्चार्ज कार्ड लोक जपून ठेवतात पण ते पुरत नाही. कॅन्सर झालेल्याला बायोप्सीचा म्हणजे हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट मागतात, कारण स्टेज आणि ग्रेड त्यात असतं, आणि शिवाय शेवटची ट्रीटमेंट कोणत्या तारखेला संपली हे लेखी हवं असतं. हार्टवाल्यांना अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि अलीकडची इको किंवा स्ट्रेस टेस्ट. दहा-बारा वर्षांपूर्वीचा कागद, डॉक्टरांनी दवाखाना बंद केलाय, हॉस्पिटलने रेकॉर्ड नष्ट केलंय, आणि कंपनीचं पत्र थंडपणे म्हणतं "कृपया सादर करावे". आणायचं कुठून, ते काही पत्रात नसतं. अशा वेळी गप्प बसून फाइल बंद पडू देऊ नका. हॉस्पिटलकडून "रेकॉर्ड उपलब्ध नाही" असं लेखी घ्या, सध्याच्या डॉक्टरांकडून सविस्तर पत्र घ्या ज्यात निदान, तारीख, उपचार, आजची औषधं डोससकट आणि आजची स्थिती असेल, आणि जोडीला ताजे रिपोर्ट द्या. "पेशंट ठीक आहे" एवढ्या एका ओळीच्या सर्टिफिकेटचा काही उपयोग होत नाही, डॉक्टर घाईत तेच देतात, म्हणून काय काय हवं ते चिठ्ठीवर लिहून न्या.

तारखांचा घोळ तर विचारू नका. "गेल्या ५ वर्षांत सल्ला, तपासणी किंवा उपचार घेतला का" असं विचारलेलं असतं, लोक ऑपरेशनची तारीख मोजतात आणि नाही लिहितात. पण दर वर्षीचा फॉलोअप ही सुद्धा तपासणीच, तो मागच्या वर्षी झाला असेल तर उत्तर हो. तसंच पोस्टपोनचं. पोस्टपोन म्हणजे रिजेक्ट नव्हे. नुकतंच ऑपरेशन झालं, हार्ट अॅटॅकला काही महिनेच झालेत, एखाद्या टेस्टचा निकाल यायचाय, यात कंपनी "६ महिन्यांनी या" म्हणते. ते ६ महिने कशापासून, ऑपरेशनपासून, उपचार संपल्यापासून की पत्राच्या तारखेपासून, हे पत्रात नीट वाचा आणि नसेल तर मेल करून लेखी विचारा. आधीच गेलात तर पुन्हा तेच पत्र येतं. वयाचंही बघा, काही कंपन्या जवळच्या वाढदिवसाचं वय धरतात, म्हणजे वाढदिवसाच्या सहा महिने आधीच तुम्ही त्यांच्या हिशोबात एक वर्षाने मोठे होता आणि दर चढतो. आणि जे जवळपास कुणालाच माहीत नसतं ते म्हणजे अर्ज दिल्यापासून पॉलिसी निघेपर्यंत तब्येतीत काही नवीन झालं तर तेही कळवावं लागतं, फॉर्म देऊन झाला म्हणून सुटलो असं नसतं.

जोखमीच्या कामाचं गणित वेगळं आहे. तिथे टक्क्यांऐवजी बऱ्याचदा दर हजार विमा रकमेमागे ठरावीक जादा लावतात. समजा विमा १० लाखांचा आणि जादा हजारी २, तर वर्षाला २००० जास्त, मग तुम्ही २५ चे असा की ४५ चे. तरुण माणसाला म्हणूनच हे जास्त झोंबतं, त्याचा मूळ हप्ता कमी असतो आणि जादा त्याच्यापेक्षा मोठा दिसतो. इथे फॉर्ममध्ये नुसतं पद लिहून भागत नाही. "सुपरवायझर" म्हणजे काय? ऑफिसात बसणारा की परांचीवर चढणारा? "इलेक्ट्रिशियन" घरातल्या वायरिंगचा की हाय टेन्शन लाइनचा? कंपनी जे कळत नाही ते धोक्याचं धरते. म्हणून नोकरीच्या ठिकाणाहून पत्र घ्या, कामाचा किती भाग उंचीवर आणि किती मीटर, पाण्याखाली असेल तर किती खोल, स्फोटकं हाताळता का, जमिनीखाली आठवड्यात किती तास, कोणतं ट्रेनिंग झालंय. काम बदललं, खाली बसायचं काम मिळालं, तर जादा हप्ता काढून टाकायचा अर्ज करता येतो, कंपनी स्वतःहून सांगणार नाही. डायव्हिंग, गिर्यारोहण असले छंद असतील तर तेही याच खात्यात, ते मात्र कधीकधी हप्ता न वाढवता वगळतात, म्हणजे त्यात मृत्यू झाला तर पैसे नाहीत.

मेडिकलच्या दिवशी फार काही करायचं नसतं. सांगतील तेवढे तास उपाशी, नेहमीची औषधं डॉक्टरांना विचारून, आदल्या दिवशी जोरदार व्यायाम नको कारण लघवीत प्रोटीन आणि रक्तात काही एन्झाइम्स वाढलेले दिसू शकतात, आणि बीपी घ्यायच्या आधी कॉफी नको. एचबीए१सी मात्र मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतो, तो आठवडाभर गोड सोडून खाली येत नाही. कंट्रोल बिघडलेला असेल तर तीन महिने नीट सांभाळा आणि मग अर्ज करा.

अर्ज कुठे करायचा हेही क्रमाने करा. नोकरीत ग्रुप विमा असेल तर आधी तो, कारण ठरावीक रकमेपर्यंत मेडिकल नसतं, पण सामील व्हायची मुदत थोडीच असते, एचआरचा मेल वाचायचा राहिला की नंतर मेडिकल मागतात. नोकरी सोडताना तो वैयक्तिक पॉलिसीत बदलता येतो का ते विचारा, त्याचीही मुदत साधारण महिनाभरच. मग स्वतःचा टर्म प्लॅन. एकाच वेळी पाच कंपन्यांकडे अर्ज टाकू नका, कारण पुढच्या प्रत्येक फॉर्मवर "पूर्वी अर्ज नाकारला किंवा पुढे ढकलला होता का" हा प्रश्न येतोच. त्यापेक्षा अनेक कंपन्यांचं काम करणाऱ्या ब्रोकरकडून आधी अनौपचारिक विचारणा करून घ्या, नाव न देता नुसते रिपोर्ट दाखवून, कोण साधारण काय लोडिंग लावेल ते कळतं. कंपन्यांमध्ये फरक पडतो, जरी त्यातल्या बऱ्याच जणी स्विस री, म्युनिक री अशा मोठ्या रीइन्शुररच्या (विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या कंपन्यांच्या) मार्गदर्शिका वापरत असल्या तरी.

"मेडिकल नाही, सगळ्यांना मंजूर" अशी जाहिरात असते ती सगळ्यात शेवटी. हप्ता महाग, रक्कम लहान, आणि पहिली दोन-तीन वर्षं आजाराने मृत्यू झाला तर सहसा भरलेले हप्ते फार तर थोड्या व्याजासकट परत, पूर्ण रक्कम फक्त अपघाताला. दुसरं काहीच मिळत नसेल तर घ्या, नाहीतर थांबा.

लोडिंगची ऑफर आली की तिला मुदत असते, ती बघून ठेवा. जड वाटली तर रक्कम कमी करा, वर्षं कमी करा, पण सोडून देऊ नका. वर्ष-दोन वर्षं रिपोर्ट चांगले राहिले तर लोडिंग पुन्हा तपासायला सांगता येतं, आणि दुसरीकडे स्वस्त मिळालं तर ती पॉलिसी हातात येईपर्यंत जुनी बंद करायची नाही.

पॉलिसी आली की सोबत तुमच्या फॉर्मची कॉपी असते. कुणी उघडत नाही. उघडा, प्रत्येक उत्तर वाचा, कारण तुम्ही तोंडी "हो" सांगितलेलं एजंटने "नाही" टिक केलेलं बऱ्याचदा तिथेच सापडतं, आणि फ्री लूकचे, म्हणजे पॉलिसी पटली नाही तर परत करता येण्याचे, दिवस संपायच्या आत कंपनीला लेखी कळवून पोच घ्या.