गरुड म्हणून काढला, घार निघाली

कडबनवाडीला पहिल्यांदा गेलो तेव्हाची गोष्ट. इंदापूर तालुक्यातलं हे गवताळ माळरान, एरवी चिंकारा बघायला लोक जातात, पण हिवाळ्यात तिथे शिकारी पक्ष्यांची नुसती चंगळ असते. बाभळीवर एक मोठा तपकिरी पक्षी बसलेला, अंगभर फिकट ठिपके, नजर अशी की आपणच त्याच्या शेतात घुसलोय. ५०-६० फोटो मारले आणि घरी येऊन ग्रुपवर 'टॉनी ईगल' म्हणून टाकून दिला. दोन मिनिटांत एका काकांचा रिप्लाय, "अरे घारीचं पिल्लू आहे ते, यंदाचं."

झालं. आयुष्यभर जी घार गच्चीवरून बघितली तीच ओळखता आली नाही. पण चूक का झाली हे नंतर कळलं आणि ते जास्त इंटरेस्टिंग आहे. मोठी घार बहुतेक एकसारखी तपकिरी दिसते, पहिल्या वर्षाच्या पिल्लाच्या अंगावर मात्र फिकट ठिपके आणि रेघा असतात. आणि घारीची खरी खूण म्हणजे मधे खाच असलेली शेपटी, ती माझ्या सगळ्या फोटोंत फांदीमागे लपलेली. वर ही खाचसुद्धा बेभरवशाची, कारण घारीने शेपटी पूर्ण पसरली की ती जवळजवळ गायब होते.

म्हणजे रंगावरून शिकारी पक्षी ओळखायला गेलात की फसलात. एकाच जातीत नर वेगळा, मादी वेगळी, पिल्लू तिसरंच, आणि काही जातींत तर एकाच वयाचे पक्षी दोन रंगांत येतात. बूटेड ईगल घ्या, एक रूप खालून पांढरं आणि पंखांची मागची बाजू काळी, दुसरं रूप अख्खं गडद, अगदी घारीसारखं, तेव्हा समोरून येताना खांद्याशी दोन छोटे पांढरे ठिपके दिसतात का ते बघायचं, गाडीच्या हेडलाइटसारखे. मोहोळ घार तर कहरच, तिचे इतके नमुने असतात की दोन पक्षी सारखे दिसले तर नवल, पण कबुतरासारखं छोटं डोकं आणि लांब मान काही लपत नाही. आणि नकलाकार वेगळेच. 'पेरते व्हा' ओरडणारा पावशा शिक्र्यासारखा, म्हणजे एका छोट्या शिकारी पक्ष्यासारखा, इतका हुबेहूब दिसतो की छोटे पक्षी घाबरून पळतात, आपली काय कथा.

मग बघायचं काय? उडण्याची ढब. घार शेपटी सुकाणूसारखी सतत पिळत असते. भोवत्या, म्हणजे हॅरियर, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरून गवतावरून जेमतेम दोन-तीन मीटर उंचीवर डोलत जातो. हवेत एका जागी पंख फडफडवत थांबणारे मोजकेच, छोटे म्हणजे कापशी आणि खरुची, पण माळावर गरुडाएवढा पक्षी असा लटकलेला दिसला तर तो बहुतेक सापमार.

भोवत्यांच्या बाबतीत मला वाटतं फोटोची खरी कमाल आहे. हे पाहुणे युरोप आणि मध्य आशियातून येतात, गुजरातच्या वेळावदरला तर संध्याकाळी शेकड्यांनी गवतात मुक्कामाला उतरतात. पॅलिड आणि माँटेग्यू या दोन जातींचे नर सोपे, माँटेग्यूच्या पंखावर वरून एक काळी पट्टी आडवी जाते, पॅलिड जवळजवळ पांढरा आणि पंखांच्या टोकाला फक्त काळी पाचर. पण माद्या आणि पिल्लं दोन्हीकडची तपकिरी, कमरेवर पांढरा डाग, उडताना नुसत्या डोळ्यांनी अशक्य. फोटो मोठा करून मानेजवळ बघा, पिल्लाच्या गालामागे स्वच्छ फिकट कॉलर आणि त्याच्या मागे गडद मान असेल तर पॅलिडची शक्यता जास्त. पंखाच्या टोकाची सुटी दिसणारी पिसं, ज्याला बर्डर लोक 'बोटं' म्हणतात, तीही मोजायची, या दोघांना चार आणि मार्श हॅरियरला पाच. हे मोजायला फ्रीझ झालेली फ्रेमच लागते.

मोठ्या गरुडांचं कोडं तर चक्क तोंडात सुटतं. चोचीच्या कोपऱ्यातून मागे जाणारी जी पिवळी रेघ असते ती टॉनीमध्ये साधारण डोळ्याच्या मध्याखाली संपते, स्टेप ईगलमध्ये डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत पोचते. स्पॉटेड ईगल असेल तर नाकपुडी गोल. स्टेप ईगल २०१५ पासून आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संस्थेच्या यादीत धोक्यातली जात आहे, त्यामुळे नोंद चुकली तर नुसती आपली फजिती नाही, डेटाही बिघडतो.

आणि ससाण्यांचं तर घराणंच वेगळं. चोचीच्या कडेला दातासारखं टोक असतं, सावजाचे मणके तोडायला. २००८ मध्ये पक्ष्यांच्या डीएनएवर मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात ससाणे गरुडांपेक्षा पोपटांचे जवळचे नातलग निघाले! बहिरी ससाणा ताशी ३०० किलोमीटरच्या वर वेगाने सूर मारतो आणि त्याचा चुलतभाऊ पिंजऱ्यात मिरची खातो, असो.

आता कॅमेरा. शटर १/२००० सेकंदापेक्षा हळू शक्यतो ठेवू नका, कंटिन्युअस फोकस (हलत्या पक्ष्यावर सतत फोकस धरणारा), बर्स्ट (एका दमात अनेक फोटो), आणि रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला कच्चा फोटो. आकाशातल्या पक्ष्याला कॅमेऱ्याचा मीटर हमखास फसतो, उजळ आकाश बघून तो सगळंच काळं करतो आणि पंखाखालची नक्षी, म्हणजे नेमकं जे हवं ते, गायब. म्हणून एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप प्लस, म्हणजे मीटर सांगतो त्यापेक्षा फोटो मुद्दाम उजळ. आकाश पांढरं फटक झालं तर होऊ दे, फोटो स्पर्धेला पाठवायचा नाहीये. अजून एक, एका फ्रेमवर विश्वास ठेवू नका, पंख आखडून घसरत जाणारा शिक्रा एका फ्रेममध्ये अगदी ससाणा वाटतो आणि पुढच्याच फ्रेममध्ये पंख उघडले की परत शिक्रा. वेळेचं म्हणाल तर मोठे गरुड सकाळी गरम हवेचे झोत तयार होईपर्यंत बसूनच असतात, फडफडत उडणं त्यांना महागात पडतं, त्यामुळे ९-१० पर्यंत बसलेले फोटो आणि मग उडते. ११ नंतर जमिनीलगतचे लांबचे फोटो विसरा, तापलेल्या हवेच्या थरांतून उजेड वाकतो आणि लाख रुपयांची लेन्ससुद्धा लापशी दाखवते.

गाडीतून उतरू नका हे मात्र कळकळीने सांगतो. गाडीला हे पक्षी फारसे घाबरत नाहीत, दोन पायांच्या माणसाला घाबरतात. घरट्याचे फोटो नकोच, आणि 'उडताना पाहिजे' म्हणून बसलेल्याला उठवणं तर सरळ क्रूरपणा, त्या एका उड्डाणात त्याची अर्ध्या दिवसाची शिकार गेलेली असू शकते.

एवढं करूनही ओळखता येत नाहीत ते येतच नाहीत. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर 'पॅलिड किंवा माँटेग्यू' असा सरळ पर्याय दिलेला आहे, माझ्या गेल्या हिवाळ्यातल्या निम्म्या हॅरियर त्याच खात्यात पडल्यात, आणि काकांनी त्यावर एकदाही काही म्हटलेलं नाही.