हेडफोन दिसायला की ऐकायला? घ्यायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी,

आमच्या छोट्या फर्मचं काम दोन तऱ्हेचं, हेडफोन विकायचे आणि बिघडलेले दुरुस्त करायचे. त्यामुळे होतं काय की घेताना माणूस काय बघतो ते आम्हाला दिसतं आणि दीड-दोन वर्षांनी तोच माणूस तोच हेडफोन घेऊन परत येतो तेव्हा कशाबद्दल कुरकुर करतो तेही दिसतं. घेताना विचारतात मॅट ब्लॅक आहे का, फोल्ड होतो का, त्या अमक्या मॉडेलसारखा दिसणारा दाखवा. परत येताना सांगतात कान दुखतात, आवाज घुमतो, गाण्यातलं काही कळत नाही नुसतं धबधब होतं. रंगाची तक्रार घेऊन आजवर एकही माणूस आलेला नाही.

दिसण्याला आम्ही नावं ठेवत नाही बरं का, हे आधीच सांगून टाकतो. चारचौघांत डोक्यावर घालून फिरायची वस्तू आहे, आरशात बघणारच माणूस. चष्म्याची फ्रेम घेताना पण बघतोच की. पण चष्म्याचा नंबर न काढता नुसती फ्रेम कोणी घेऊन जात नाही, आणि हेडफोनच्या बाबतीत नेमकं तेच होतं म्हणून हे पत्रक लिहायला घेतलं.

ही फॅशन आली कुठून

मुळात हेडफोन म्हणजे कामगाराची वस्तू. १९१० च्या सुमारास नॅथॅनियल बाल्डविन नावाच्या अमेरिकन माणसाने स्वयंपाकघरात बसून हेडफोन बनवले आणि ते घेतले कोणी तर अमेरिकेच्या नौदलाने, रेडिओचे संदेश ऐकायला. गाणी ऐकायचा स्टिरिओ हेडफोन जॉन कॉसने आणला तो १९५८ मध्ये. तेव्हाही तो घरात बसूनच ऐकायचा होता, कारण त्याची वायर भल्यामोठ्या मशीनला जोडलेली असायची, कोणाला दाखवणार? १९७९ ला सोनीचा वॉकमन आला आणि हेडफोन रस्त्यावर आला. मग २००१ ला आयपॉड, त्याच्याबरोबर पांढऱ्या वायरचे इयरफोन. बाकी सगळ्यांच्या वायरी काळ्या, त्यामुळे खिशातलं यंत्र दिसलं नाही तरी वायरवरून लांबूनच कळायचं की याच्याकडे काय आहे. २००८ मध्ये बीट्सचे पहिले हेडफोन आले, खेळाडू आणि गायकांच्या डोक्यावर दिसायला लागले, आणि २०१४ ला ॲपलने ती कंपनी तब्बल ३ अब्ज डॉलरला विकत घेतली. एवढा पैसा कानात काय वाजतं एवढ्यासाठीच दिला असेल असं आम्हाला तरी वाटत नाही. गाणं बंद असताना गळ्यात अडकवून ठेवायची पद्धत तेव्हापासून फारच वाढली, आणि ती मस्त दिसते हेही खरं.

पहिल्या अर्ध्या मिनिटावर विश्वास ठेवू नका

आता मुद्द्याचं. दोन हेडफोन शेजारी ठेवून ऐकले तर जो जरा मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो. हा तुमचा दोष नाही, सगळ्यांचा कान असाच आहे, आमचापण. एखाद-दुसऱ्या डेसिबलचा फरक असला तर ‘हा मोठा आहे’ असं वाटतच नाही, ‘हा जास्त क्लिअर आहे’ असं वाटतं. त्यात भर म्हणजे कमी आवाजात कानाला खालचे सूर आपोआप कमी ऐकू येतात, बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. म्हणजे जो हेडफोन त्याच व्हॉल्यूमला जास्त जोरात वाजतो त्याचा बास, म्हणजे हेच खालचे जाड सूर, पण भरलेला वाटतो आणि दुसरा बिचारा फिका पडतो, वाईट नसतानाही.

बास वाढवून ठेवलेला हेडफोन अर्ध्या मिनिटात मन जिंकतो तो असा. ढम्म करून पहिला ठोका पडला की माणूस खूश. घरी जाऊन तासभर ऐकला की मग डोकं जड होतं, गायकाचा आवाज पिंपात तोंड घालून गायल्यासारखा यायला लागतो, पण तोवर डबा फोडलेला असतो.

म्हणून ऐकून बघताना आधी दोन्हींचे आवाज कानाला सारखे वाटतील असे करून घ्या. एकाचा व्हॉल्यूम थोडा कमी लागेल दुसऱ्याचा जास्त, काही हरकत नाही. आणि मग जे गाणं तुम्ही शंभरदा ऐकलंय तेच लावा, नवीन भारी काहीतरी नको, कारण नवीन गाण्यात काय असायला पाहिजे हेच माहीत नसतं. आधी माणसाचा आवाज ऐका. माणसाचा आवाज आपण जन्मापासून ऐकतोय, तो खोटा वाटला की लगेच कळतं. ‘स’ आणि ‘श’ आले की कानाला टोचतंय का, गाताना मध्ये श्वास घेतलेला ऐकू येतो का. त्यानंतर बास गिटार आणि ड्रमचा मोठा ठोका, दोन्ही वेगवेगळे कळतात की दोन्हींचा मिळून एक गोळा झालाय? टाळी वाजली तर टाळीसारखी वाटते की पत्र्यासारखी? हे सगळं कमी व्हॉल्यूमला पण करून बघा. जो हेडफोन हळू लावला तरी गाणं कळतं तो बहुतेक वेळा चांगला निघतो, हा आमचा अनुभव.

आणि ब्रँड न बघता ऐकता आलं तर फारच छान. हार्मन कंपनीच्या शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केलं होतं, वेगवेगळ्या हेडफोनचे आवाज एकाच हेडफोनमधून वाजवले, म्हणजे ऐकणाऱ्याला नाव, रूप, वजन काहीच कळायला नको. बहुतेकांना आवडला तो साधा समतोल आवाज, चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरसारखा. घरी एवढं जमणार नाही पण तुम्ही डोळे मिटा आणि मित्राला तुमच्या कानावर हेडफोन चढवायला सांगा, हाताने चाचपायचं नाही, तेवढ्यानेही मत बदलतं कधीकधी.

कानाला नीट बसला नाही तर काहीच खरं नाही

हे सगळ्यात कमी बोललं जातं आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं. मध्ये एक गृहस्थ दिसायला झकास असा हेडफोन घेऊन आले, म्हणाले याचा बास गेला, आता नवीनच दाखवा. बघतो तर पॅडचं रेक्झिन सोलून निघालेलं, त्याचे काळे कपटे त्यांच्या गालाला चिकटलेले, आतला फोम दबून पापडासारखा झालेला. आम्ही गाणं लावून दोन्ही कप तळहाताने कानावर दाबून धरले. बास परत! मशीनला काहीही झालेलं नव्हतं, पॅड आणि कानामध्ये फट पडली होती आणि खालचे सूर तिथून निसटत होते. पॅड बदलायला दहा मिनिटं लागली. नवीन हेडफोन काही विकला गेला नाही, जाऊ दे.

तेच चष्म्याचं. चष्म्याची काडी पॅडखाली येते, तिथे बारीक फट राहते आणि बास पातळ होतो. गाणं चालू असताना चष्मा काढून परत घालून बघा, फरक लगेच कळेल. जाड काडीचा चष्मा असेल तर मऊ खोल पॅडवाला हेडफोन घ्या, कितीही देखणा असला तरी पातळ कडक पॅडवाला घेऊ नका. कानात घालायच्या इयरबडचं पण तसंच, डब्यात तीन मापांचे रबर असतात आणि लोक जे आधीच लावलेलं असतं तेच आयुष्यभर वापरतात, बाकीचे दोन कुठेतरी हरवतात. तिन्ही लावून बघा. दोन कानांना दोन वेगळी मापं लागणं हे पण अगदी नॉर्मल आहे.

वजनाचं एक सांगायचं राहिलं. हातात जड लागला की माल चांगला असं वाटतं. हातात नाही धरायचाय तो, डोक्यावर दोन तास घालायचाय.

डब्यावरचे आकडे

२० हर्ट्‌झ ते २०,००० हर्ट्‌झ असं जवळपास प्रत्येक डब्यावर असतं. माणसाच्या कानाची मर्यादाच तेवढी आहे, वय वाढलं की वरची बाजू आणखी कमी होते. पण त्या पट्ट्यात कुठला सूर किती चढ-उतार करून वाजतो हे लिहिलेलं नसेल तर या आकड्यातून काहीही कळत नाही. काही डब्यांवर ४०,००० लिहितात, ते वटवाघळांनी खूश व्हावं. ड्रायव्हर, म्हणजे आतला आवाज काढणारा छोटा स्पीकर, ५० मिलिमीटरचा म्हणजे ४० पेक्षा भारी असंही नसतं, तो कशात कसा बसवलाय यावर सगळं आहे.

ओहमचा आकडा, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो तो, मात्र बघा. १६ ते ३२ ओहमवाले सहसा फोनवर नीट वाजतात. स्टुडिओसाठी बनवलेले काही २५० नाहीतर ३०० ओहमचे असतात, ते फोनला लावले की आवाज बऱ्याचदा मरतुकडा येतो, त्यांना आवाज वाढवणारा वेगळा अँप (अँप्लिफायर) लागतो. नाव ऐकून असा हेडफोन मागवणारे आणि मग डिफेक्टिव्ह आहे म्हणणारे बरेच भेटतात.

राहिला किमतीचा आकडा. २०१७ मध्ये अमेरिकेच्या अकौस्टिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये २८३ हेडफोन मोजून केलेला अभ्यास छापून आला, त्यात कुठले सूर किती वाजतात आणि किंमत किती याचा एकमेकांशी संबंधच सापडला नाही. विकणाऱ्याने हे सांगू नये खरं तर. महाग घेऊन पैसे कशाला लागतात तर मटेरियल, नॉइज कॅन्सलिंग (बाहेरचा गोंगाट दाबणारी सोय), माइक, ॲप आणि अर्थात नाव. यातलं जे तुम्हाला हवंय त्याला पैसे द्या, फक्त आवाज आपोआप त्याच्याबरोबर येईल असं धरून चालू नका.

ब्लूटूथवाल्यांसाठी

वायरलेस म्हणजे आवाज वाईट असं आता राहिलेलं नाही. सीडीचा डेटा सेकंदाला १४११ किलोबिट असतो, ब्लूटूथला तो दाबून पाठवावा लागतो, दाबायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात, त्यातल्या एलडॅक कोडेकमध्ये जास्तीत जास्त ९९० पर्यंत जातो, साध्या एसबीसीमध्ये साधारण तीनशेच्या आसपास. पण कोडेक दोन्हीकडे लागतो, हेडफोनवर एलडॅक लिहिलंय आणि फोन आयफोन आहे तर तो एएसी या दुसऱ्या कोडेकवरच चालणार, डब्यावरचा लोगो नुसता शोभेला. आणि ओबडधोबड ट्यून केलेला हेडफोन कुठल्याही कोडेकने सुधारत नाही.

एक तक्रार आमच्याकडे वारंवार येते, लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की हेडफोनचा आवाज एकदम जुन्या टेलिफोनसारखा होतो. तो बिघाड नाही. माइक चालू झाला की बहुतेक ब्लूटूथ हेडफोन फोन कॉलच्या मोडमध्ये जातात आणि गाण्याची क्वालिटी सोडून देतात. सेटिंगमध्ये जाऊन माइक लॅपटॉपचा निवडा, हेडफोन फक्त ऐकायला ठेवा, काम होतं.

नॉइज कॅन्सलिंग विमानाची, पंख्याची, इंजिनाची एकसुरी घरघर छान खातं, शेजारच्या माणसाची बडबड तेवढी नाही. ज्यांना रोज प्रवास आहे त्यांनी जरूर घ्या, कारण बाहेरचा गोंगाट आत आला की आपण व्हॉल्यूम चढवतो आणि ते कानाला महागात पडतं. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा की ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतील पण ९० डेसिबलला फक्त ४ तास. घरात एकट्याने ऐकणार असाल तर मागून जाळी असलेला ओपन-बॅक हेडफोन एकदा कानाला लावून बघा, आवाज मोकळा येतो, डोक्याच्या आत कोंडल्यासारखा वाटत नाही. सेनहायझरने १९६८ मध्ये असा पहिला आणला, पिवळ्या फोमचा, दिसायला थोडा विचित्रच. बाहेर घालायला मात्र उपयोग नाही, तुमचं गाणं शेजाऱ्याला आणि शेजाऱ्याची भांडणं तुम्हाला.

स्टाइलवालाच घ्यायचाय, मग?

घ्या की. जो आवडत नाही तो कपाटात पडून राहतो, मग कितीही चांगला वाजो. फक्त बिजागरी बघा, चकचकीत प्लास्टिकची बारीक बिजागरी हे आमच्या दुरुस्तीच्या टेबलावरचं एक नंबरचं गिऱ्हाईक आहे. पॅड निघून दुसरे बसतात का ते विचारा. वायरवाला असेल तर वायर सुटी होते का बघा, कारण वायर तुटते ती जवळपास नेहमी पिनेच्या अगदी मुळाशी, पिन फिरवली की खरखर येते आणि एक कान बंद पडतो, सुटी वायर असेल तर पाच सेकंदांचं काम. बास जास्त वाटला तर ॲपमधला नाहीतर फोनमधला इक्वलायझर उघडून खालची पट्टी थोडी खाली घ्या, फुकट आहे, लोक वापरतच नाहीत. कानाला न बसणारा हेडफोन मात्र इक्वलायझरने दुरुस्त होत नाही.

आमच्याकडे याल तेव्हा स्वतःचा फोन आणा, त्यात ओळखीची दोन-तीन गाणी ठेवा. चष्मा रोज लावत असाल तर लावूनच या, अंबाडा बांधत असाल तर बांधून या, कारण पट्टी त्यावर कशी बसते हे पण बघावं लागतं. निदान पंधरा-वीस मिनिटं घालून बसा, आम्ही मध्ये बोलणार नाही. आणि जुना हेडफोन पिशवीत टाकून आणा, आधी त्याचे पॅड बघू.