बायोटिनची पाच वर्षे: एमएस आणि ब जीवनसत्त्वांची पार्श्वभूमी

एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचे मायलिन हे आवरण खराब करणारा आजार) असताना ब जीवनसत्त्वाची कोणती गोळी घ्यावी, या प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न असतात. शरीरात ते कमी आहे म्हणून घ्यायचे, की कमी नसतानाही औषध म्हणून घ्यायचे? पाकिटावर 'नसांसाठी' असे छापले की हे दोन्ही एकच वाटू लागतात. हा गोंधळ जुनाच आहे.

फार मागे जायची गरज नाही. १९३८ च्या सुमारास बी-१, म्हणजे थायामिन, थेट मणक्यात टोचून पाहिले गेले. १९४० मध्ये निकोटिनिक ॲसिड (बी-३) आणि बी-१ यांनी एमएसवर उपचार केल्याचा अहवाल छापून आला. औषध न दिलेला गट तुलनेला ठेवण्याची पद्धत तेव्हा रुळली नव्हती. त्यातच हा आजार आपणहून ओसरतो आणि पुन्हा उसळतो. ओसरत्या काळात जे इंजेक्शन चालू असेल, त्याला श्रेय मिळून जायचे.

बी-१२ ची गोष्ट मात्र खरोखर गुंतागुंतीची. ते १९४८ मध्ये वेगळे काढले गेले. त्याच्या अभावाने मज्जारज्जूला इजा होते, हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, कधी नजरही मंदावते. एमएसशी हे इतके मिळतेजुळते आहे, की निदान करताना बी-१२ तपासून घेण्याची रीत पडली. त्याच दशकात दुसराही धडा मिळाला होता: फोलिक ॲसिड (बी-९) दिले की बी-१२ अभावी झालेला रक्तक्षय सुधारतो, पण बी-१२ अभावी होणारी नसांची हानी आतल्या आत चालूच राहते. म्हणून बी-१२ न तपासता नुसते फोलिक ॲसिड मोठ्या मात्रेत घेणे आजही चूकच.

पुढे १९९४ मध्ये जपानमधून एक छोटा अहवाल आला. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे हळूहळू वाढतच जाणाऱ्या, एमएसच्या ६ रुग्णांना रोज ६० मिलिग्रॅम मिथाइलकोबालामिन (बी-१२ चा एक प्रकार) सहा महिने दिले. डोळ्यांच्या आणि कानांच्या विद्युत चाचण्या सुधारल्या, हातापायांची ताकद मात्र सुधारली नाही. 'मिथाइल' प्रकारच चांगला, या समजाला अशा अहवालांनी बळ दिले. प्रत्यक्षात बी-१२ सायनो प्रकारचे असो वा मिथाइल, पेशी त्यावर जोडलेला हा भाग टोपीसारखा काढून टाकते आणि तिला हवे ते रूप स्वतः तयार करते. बहुतेकांच्या बाबतीत फक्त या एका शब्दासाठी जादा पैसे मोजण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

आता बायोटिन. एकाच पदार्थाला काही ठिकाणी बी-७, फ्रान्समध्ये बी-८ आणि जुन्या जर्मन वळणाने 'एच' म्हणतात. रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम. २०१५ मध्ये २३ प्रोग्रेसिव्ह रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला, त्यातला वरचा डोस ३०० मिलिग्रॅम होता, म्हणजे गरजेच्या दहा हजार पट. तर्क असा, की मायलिनसाठी लागणारे स्निग्ध आम्ल तयार करणाऱ्या एन्झाइमला बायोटिन लागते. ज्या टप्प्यावर औषधे जवळजवळ नव्हती, तिथे हे ऐकायला फार गोड होते. २०१६ च्या चाचणीत १५४ रुग्ण होते: बायोटिन घेणाऱ्या १०३ पैकी १३ जण सुधारले, प्लासिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी) घेणाऱ्या ५१ पैकी एकही नाही.

वाद इथून सुरू झाला. एका देशाने त्याच वर्षी मंजुरीपूर्वी ते रुग्णांना द्यायची परवानगी दिली. इतरत्र लोकांनी स्वतःच मार्ग शोधला, कोणी औषध दुकानातून खास कॅप्सूल बनवून घेतल्या, कोणी पावडर आणली. १० मिलिग्रॅमच्या बाजारू गोळ्या घेतल्या तर रोज तीस लागल्या असत्या. 'जीवनसत्त्वच आहे, अपाय काय होणार' हे तेव्हाचे पालुपद. युरोपातल्या मंजुरीचा अर्ज कंपनीने २०१७ च्या अखेरीस मागे घेतला. पुरावा अपुरा आहे, असा तपासणाऱ्या समितीचा कल होता. मोठी चाचणी ६४२ रुग्णांची. २०२० मध्ये निकाल लागला: सुधारणा १२ टक्के विरुद्ध ९ टक्के, म्हणजे योगायोगापलीकडे काही म्हणता येणार नाही इतकाच फरक. परवानगी घाईची होती की माणुसकीची, यावर मतभेद आहेत. माझा कल 'घाईची' कडे आहे. तरी ज्याची चालण्याची ताकद दर वर्षी कमी होते, त्याला चार वर्षे थांब म्हणणे सोपे नाही, हेही खरे.

अपायही नव्हता असे नाही, तो वेगळ्या दाराने आला. रक्ताच्या अनेक चाचण्या बायोटिनवरच बेतलेल्या असतात. जास्त बायोटिनमुळे टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे हार्मोन) खोटे कमी आणि थायरॉइड हार्मोन खोटे जास्त दिसते, म्हणजे अतिक्रियाशील थायरॉइडचे हुबेहूब चित्र. एमएसच्या काही औषधांनंतर थायरॉइड नियमित तपासावे लागते, तिथे हा घोळ जास्त नडतो. हृदयविकारात बघितले जाणारे ट्रोपोनिन खोटे कमी दिसू शकते. २०१७ मध्ये अमेरिकेत याबद्दल इशारा निघाला, त्यात एका मृत्यूचाही उल्लेख होता. काही यंत्रांवर तर बी-१२ सुद्धा खोटे वाढलेले दिसते! म्हणजे केसांसाठीची बायोटिनची गोळी घेऊन बी-१२ तपासायला गेलेल्या माणसाला 'भरपूर आहे' असे उत्तर मिळू शकते. तपासणीआधी प्रयोगशाळेला बायोटिनबद्दल सांगायला हवे, ते यासाठी.

राहिले बी-६. १९८३ मध्ये रोज २ ते ६ ग्रॅम घेणाऱ्या सात जणांच्या संवेदनांच्या नसा बिघडल्याचे नोंदले गेले. सुन्नपणा, मुंग्या, लटपटती चाल. कमी मात्रेतही दीर्घकाळ घेतल्याने त्रास होतो, असे पुढे दिसत गेले. रोजची वरची मर्यादा अमेरिकेत १०० मिलिग्रॅम आहे, युरोपात २०२३ मध्ये ती २५ वरून १२ वर आणली गेली. नसांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही मिश्रणांत एका गोळीतच ५० ते १०० मिलिग्रॅम असते. अशी गोळी महिनोन्महिने घेणाऱ्या एमएसच्या रुग्णाला मुंग्या वाढल्यासारख्या वाटल्या, तर संशय आधी रिलॅप्सवर, म्हणजे आजार पुन्हा उसळल्यावर, जातो आणि गोळी मात्र चालूच राहते.