पार्श्वभूमी : नागपूरची हद्द आणि एका शहराची दोन कार्यालये

नागपुरात प्लॉट बघायला गेलेला माणूस मौजा (महसुली गाव) आणि खसरा (जमिनीचा भूमापन) क्रमांक विचारून झाला की लगेच विचारतो, "आरएल आहे का?" आरएल म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचे रिलीज लेटर, प्लॉट नियमित असल्याचा कागद. महापालिकेच्या हद्दीतल्या जमिनीसाठी दुसऱ्याच कार्यालयाचा कागद का लागतो, हे समजायला १९३६ पर्यंत मागे जावे लागते.

शहर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होते. नगरपालिका १८६४ पासून होती, तरी जमीन संपादून नव्या वस्त्या आखण्याचे काम १९३६ च्या कायद्याने प्रन्यासकडे गेले. महापालिका अस्तित्वात आली ती २ मार्च १९५१ रोजी. म्हणजे प्रन्यास वयाने थोरला, आणि पुढची बरीचशी भांडणे या थोरलेपणातूनच निघाली. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याने विकास आराखड्याची रीत घालून दिली: प्रारूप प्रसिद्ध करायचे, हरकती ऐकायच्या, अंतिम मंजुरी राज्य सरकारची. २००२ मध्ये शहराचे नियोजन महापालिकेकडे आले. प्रन्यासच्या सात योजना मात्र वगळल्या गेल्या, त्या प्रन्यासकडेच राहिल्या.

दरम्यान शेतजमिनीवर गृहनिर्माण सोसायट्यांचे लेआउट पडतच होते. अकृषक परवानगी नाही, मंजूर नकाशा नाही, पण घरे उभी. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने ती नियमित करण्याची वाट काढली. '५७२' आणि '१९०० लेआउट' हे अशा अनधिकृत लेआउटच्या संख्येचे आकडे नागपूरकरांच्या तोंडी बसले. विकास शुल्क भरायचे प्रन्यासकडे आणि नालीची तक्रार न्यायची नगरसेवकाकडे, असा हा संसार.

हद्द वाढवणे महापालिकेच्या हातात नाही. महापालिकेशी विचारविनिमय करून, अधिसूचनेचा मसुदा प्रसिद्ध करून राज्य सरकार ती बदलते. २०१३ मध्ये हुडकेश्वर आणि नरसाळा शहरात आले, तेव्हा तिथे वस्ती आधीच दाट झाली होती. हद्द माणसांच्या मागून येते, हा इथला जुनाच क्रम.

शहराभोवतीच्या गावांसाठी २०१७ मध्ये नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आले. शहर सुमारे २२७ चौरस किलोमीटर, तर महानगर प्रदेश साडेतीन हजारांहून जास्त. त्यात सातशेवर गावे. आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. गंमत म्हणजे प्रन्यासचे सभापतीच या प्राधिकरणाचे आयुक्त. प्रन्यास बरखास्त करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये घेतला होता. पुढच्या सरकारने तो फिरवला, आणि प्रन्यास अजून आहे.

जनगणनेच्या काळात प्रशासकीय हद्दी गोठवल्या जातात. २०२७ च्या जनगणनेसाठी त्या ३१ डिसेंबर २०२५ ला गोठल्या. शहराच्या हद्दीलगतच्या बेसा-बेलतरोडीसारख्या भागांत इमारतींचे काम मात्र सुरूच आहे.