'द सनशाइन बॉईज' आणि जॉर्ज बर्न्सचं ऐंशीव्या वर्षीचं ऑस्कर

१९७५ चा 'द सनशाइन बॉईज' हा पिक्चर बघताना जॉर्ज बर्न्स अभिनय करतोय असं वाटतच नाही, कारण त्यातल्या अल या म्हाताऱ्या विनोदी नटाचं आयुष्य तो खरंच जगून आला होता.

जन्म १८९६ चा, न्यूयॉर्कमधला, खरं नाव नेथन बर्नबॉम आणि लहानपणापासून स्टेजवर. तेव्हा व्होडव्हिल जोरात होतं, म्हणजे एका तिकिटात गाणी, नाच, कसरती, विनोदी जोड्या सगळं, आणि कलाकार तेच आयटम घेऊन गावोगाव फिरायचे. पुढे ग्रेसी ॲलनशी जोडी जमली तेव्हा जोक याच्याकडे होते, ती नुसते प्रश्न विचारायची, पण पब्लिक तिच्या प्रश्नांनाच हसायला लागलं. मग यानं सगळे जोक तिला देऊन टाकले आणि स्वतः सिगार धरून बाजूला उभा राहिला. मला हे फार मोठं वाटतं, आपल्या वाट्याचा हशा असा दुसऱ्याच्या हातात देणं सोपं नाही हो. नंतर हीच जोडी रेडिओवर गाजली, १९५० ते ५८ टीव्हीवर. १९६४ ला ग्रेसी गेली.

बोलपट आणि रेडिओनं व्होडव्हिल कधीच बंद पाडलं होतं. त्या मागे राहिलेल्या कलाकारांवर नील सायमननं १९७२ मध्ये नाटक लिहिलं, स्मिथ आणि डेल या खऱ्या जोडीवरून सुचलेलं, आणि त्यावरूनच हा पिक्चर आला. विली आणि अल, त्रेचाळीस वर्षं एकत्र काम केलेले, आता एकमेकांचं तोंड बघत नाहीत, आणि टीव्हीसाठी जुनं डॉक्टरचं स्किट परत करायचंय. भांडण कशावरून, तर अल छातीत बोट खुपसतो, बोलताना थुंकी उडवतो, आणि तालमीत विली 'कम इन' ऐवजी 'एन्टर' म्हणतो एवढ्यावरून सगळं फिसकटतं!

पिक्चरमधला अलचा रोल आधी विनोदी नट जॅक बेनीचा होता, पण तो डिसेंबर १९७४ मध्ये कॅन्सरनं गेला आणि काम आलं त्याच्या जिवलग दोस्ताकडे, बर्न्सकडे, ज्याचं त्याच वर्षी हार्टचं ऑपरेशन झालेलं आणि १९३९ नंतर पिक्चरमध्ये मोठा रोल असा नव्हताच. समोर विलीच्या रोलमध्ये वॉल्टर मॅथाऊ, पंचावन्नच्या आसपासचा, मेकअप करून म्हातारा झालेला, सतत आरडाओरडा करणारा, आणि हा शांतपणे ऐकून घेतो, थांबतो, मग हळूच एक वाक्य टाकतो. ते थांबणं ग्रेसीच्या शेजारी उभं राहून कमावलेलं आहे.

१९७६ मध्ये सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं तेव्हा तो ऐंशी वर्षांचा होता. अभिनयासाठी ऑस्कर मिळवणारा सगळ्यात वयस्कर कलाकार हा त्याचा रेकॉर्ड १९९० मध्ये जेसिका टँडीनं मोडला, आणि तेव्हाही नव्वदी ओलांडलेला बर्न्स कामं घेतच होता.