खडेबाजारातला गोठलेला ठिपका: लॅपटॉपसाठी जीपीएस रिसीव्हर निवडताना

बेळगावच्या बाजारपेठेत कोणत्या वाय-फाय राउटरचा सिग्नल कुठवर पोचतो, याचा नकाशा करण्यासाठी काही वर्षांपूर्वी मी लॅपटॉप आणि एक जीपीएस रिसीव्हर पाठीवरच्या पिशवीत घालून गणपत गल्लीतून खडेबाजाराकडे पायी निघालो होतो. घरी येऊन नोंदी नकाशावर मांडल्या, तेव्हा तासाभराच्या चालण्यात सापडलेले सगळे राउटर चार-पाच ठिकाणी ढिगाने साचलेले दिसले. रिसीव्हर बिघडलेला नव्हता. मोटार चौकात उभी असताना पडद्यावरचा ठिपका उगाच भटकू नये, म्हणून काही रिसीव्हरांमध्ये वेग फार कमी झाला की स्थान गोठवून ठेवण्याची सोय असते, आणि माझ्या रिसीव्हरमध्ये ती मुळातच चालू होती. बाजाराच्या गर्दीत वाट काढत चालणारा माणूस त्या यंत्राच्या लेखी उभाच होता. खरेदी करताना मी खोक्यावरचा अचूकतेचा आकडा तेवढा पाहिला होता, आणि या कामात तोच आकडा सर्वांत कमी उपयोगाचा ठरतो.

त्याचे कारण वाय-फायच्या नोंदीतच दडलेले आहे. राउटर आपले नाव सेकंदाला साधारण 10 वेळा प्रसारित करतो, परंतु 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे 13 चॅनेल आहेत आणि लॅपटॉपमधले कार्ड एका वेळी त्यांपैकी एकाच चॅनेलवर ऐकू शकते, त्यामुळे सगळ्या चॅनेलांची एक फेरी पूर्ण होण्यास एक-दोन सेकंद सहज लागतात. ताशी 36 किलोमीटर वेगाने जाणारी स्कूटर तेवढ्या वेळात 10 ते 20 मीटर पुढे गेलेली असते. शिवाय नोंदले जाते ते ऐकणाऱ्याचे स्थान, राउटरचे नव्हे, आणि या दोहोंमधले अंतर मोकळ्या जागी वीस-तीस मीटर किंवा त्याहूनही अधिक असू शकते. एवढ्या धूसर मोजणीत रिसीव्हर अडीच मीटरपर्यंत अचूक आहे की पाच मीटरपर्यंत, याने नकाशात फरक पडत नाही. फरक पडतो तो रिसीव्हर किती लवकर जागा होतो, हळू चालताना कसा वागतो आणि लॅपटॉपशी नीट बोलतो की नाही, याने.

जागे होण्याचा प्रश्न समजून घेण्यासारखा आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून 1575.42 मेगाहर्ट्झवर प्रक्षेपण करतात, आणि जमिनीवरच्या अँटेनापर्यंत पोचणारी त्यांची शक्ती इतकी क्षीण असते की एका वॅटचे एक अब्ज भाग करून त्यांतल्या एका भागाचे पुन्हा एक कोटी भाग करावेत, तेवढीच ती उरते. तो स्वतः नेमका कुठे आहे, हे सांगणारी माहिती प्रत्येक उपग्रह सेकंदाला अवघ्या 50 बिट या गतीने पाठवतो, आणि तिची एक आवृत्ती पूर्ण होण्यास 30 सेकंद लागतात. मधेच एखाद्या इमारतीने किंवा झाडाने सिग्नल तोडला, तर तुटलेला भाग पुन्हा येईपर्यंत थांबावे लागते, आणि स्थान निश्चित करण्यासाठी किमान चार उपग्रहांची अशी माहिती हाती यावी लागते. म्हणून रिसीव्हर शहापुरातल्या अरुंद गल्लीत किंवा जांबोटीच्या पुढे कणकुंबीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या दाट झाडीत सुरू करण्यापेक्षा मोकळ्या मैदानात सुरू करून, स्थान मिळाल्यावर मगच निघावे. आपल्या पावसाळ्याची धास्ती मात्र नको. या लहरींना पावसाची सर फारशी अडवत नाही. अडवतात ती पाण्याने जड झालेली पाने. ज्या रिसीव्हरमध्ये छोटी राखीव बॅटरी असते, तो ही माहिती काही तास जपून ठेवतो आणि चहासाठी थांबल्यानंतर पुन्हा काही सेकंदांत सज्ज होतो. त्यासाठी थोडे अधिक पैसे मोजावेत, असे माझे मत आहे.

इतका क्षीण सिग्नल ऐकायचा असल्यामुळे लॅपटॉपला थेट खोचण्याच्या पेनड्राइव्हसारख्या रिसीव्हरपेक्षा दीड-दोन मीटर वायरीचा, तळाला चुंबक असलेला, माउसच्या आकाराचा रिसीव्हर बरा. लॅपटॉपच्या इलेक्ट्रॉनिक भागांतून सतत रेडिओ गोंगाट बाहेर पडत असतो. यूएसबी 3 च्या जोडणीचा गोंगाट तर थेट 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शिरतो, म्हणजे नुकसान वाय-फाय कार्डाचेही होते. चुंबकाचा रिसीव्हर मोटारीच्या टपावर बसतो आणि त्याला वर सगळे आकाश मिळते.

भारतीय व्यवस्थांचा लाभ घ्यायचा असल्यास खोक्यावरच्या नावांपलीकडे पाहावे लागते. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांची ‘गगन’ व्यवस्था भूस्थिर उपग्रहांवरून जीपीएसच्या चुकांची दुरुस्ती पाठवते आणि ती जीपीएसच्याच वारंवारतेवर येत असल्याने स्वस्त रिसीव्हरलाही पकडता येते. बेळगावातून हे उपग्रह दक्षिणेकडे बऱ्यापैकी उंचावर असतात. ‘नाविक’ या भारताच्या स्वतःच्या, जीपीएससारख्या व्यवस्थेचे तसे नाही. त्याचे आधीचे उपग्रह 1176.45 मेगाहर्ट्झवर आणि ‘एस’ नावाच्या आणखी एका वारंवारता-पट्ट्यात बोलतात, तर नेहमीच्या 1575.42 मेगाहर्ट्झवर बोलणारा त्या मालिकेतला पहिला उपग्रह, एनव्हीएस-01, मे 2023 मध्ये अवकाशात गेला. त्यामुळे एकाच वारंवारतेचा रिसीव्हर घेणाऱ्याला ‘नाविक’ या शब्दाचा उपयोग थोडाच.

लॅपटॉपशी बोलणे बहुतेक रिसीव्हर एनएमईए नावाच्या साध्या मजकुराच्या ओळींतून करतात. या प्रमाणकाची मूळ गती 4800 बॉड, म्हणजे सेकंदाला 480 अक्षरे, आणि एक ओळ जास्तीत जास्त 82 अक्षरांची असते. म्हणजे सेकंदाला जेमतेम सहा लांब ओळी मावतात. प्रत्येक वेळी स्थान देताना अशा एकाहून अधिक ओळी येतात, म्हणून सेकंदाला पाच वेळा स्थान देणारा रिसीव्हर हवा असेल, तर गती वाढवता येते की नाही, हे आधी विचारावे. पायी किंवा स्कूटरवर फिरणाऱ्याला सेकंदाला एकदा पुरेसे आहे. या ओळींतली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे. वाय-फायच्या नोंदी लॅपटॉपच्या घड्याळाने आणि स्थाने उपग्रहांच्या घड्याळाने लिहिली गेली, की दोन्हींचा मेळ बसवताना एखाद्या मिनिटाचा फरकही टिळकवाडीतला राउटर अनगोळात नेऊन ठेवतो.

एक गोष्ट रिसीव्हरच्या बाहेरची. कॅम्प भागात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. तिथे अँटेना मिरवत फेऱ्या मारू नयेत. इतरत्रही राउटरने स्वतःहून प्रसारित केलेले नाव ऐकण्यापुरतेच काम ठेवावे आणि दुसऱ्याच्या राउटरशी जोडून घेऊ नये.

नवा रिसीव्हर पारखण्याची माझी आताची रीत साधी आहे. तो गच्चीवर तासभर ठेवून ठिपके किती पसरतात, हे पाहतो. नंतर तोच हातात धरून गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मुद्दाम रेंगाळत चालतो. पहिल्या परीक्षेत ठिपके थोडे भटकले, तर मी रिसीव्हर ठेवून घेतो. दुसऱ्या परीक्षेत रेघ मधेच थांबून पुढे एकदम उडी मारत असेल, तर स्थान गोठवण्याची सोय बंद करून पुन्हा चालतो, आणि ती बंद होत नसेल तर रिसीव्हर दुकानात परत जातो.