उंच गाडी म्हणजे फोर-व्हील ड्राइव्ह नव्हे

कोकणात गाडी घ्यायची म्हटली की सल्ला हमखास मिळतो: ‘छोटी एसयूव्ही घे, चिखल-चढाची चिंताच नको.’ हे खरं नाही. नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू, सोनेट या सगळ्यांत इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना जाते, फोर-व्हील ड्राइव्हसारखी चारही चाकांना नाही. उंचीमुळे जांभ्याच्या दगडांवर गाडीचं पोट घासत नाही, पण पकड वाढत नाही. उलट चढावर भार मागच्या चाकांवर सरकतो, पुढची हलकी होतात आणि ओल्या लाल मातीत जागच्या जागी गरगरतात. तिथे ग्राउंड क्लिअरन्सपेक्षा (गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची) टायरची नक्षी जास्त कामाला येते.

‘उंच गाडी पाण्यातूनही सहज जाते’ हा गैरसमज तर जिवावर बेतणारा आहे. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरलं की ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो आणि इंजिन जागेवरच बसतं. वाहत्या पाण्यात तर उंच गाडीही वाहून जाते.

म्हणून टेस्ट ड्राइव्ह सपाट हायवेवर उरकू नका. घरची चार-पाच माणसं बसवा, एसी चालू ठेवा, जवळच्या घाटीत मध्येच थांबून पुन्हा गाडी उचला. दोन गाड्या एकाच चढावर चालवा. फरक तिथेच कळतो.